कोमट दगड

३ नोव्हेंबर
खाणीवरच्या वजनकाट्यावर आज रुजू झालो. काम सोपं आहे: ट्रक रिकामा तोलायचा, दगड भरून आला की पुन्हा तोलायचा. राहायला दोन खोल्या आणि खिडकीतून थेट खाण! माझ्यासारख्या हौशी दगडवेड्याची तर चैनच. सामान लावण्याआधी टेबल मांडलं: भिंग, लोहचुंबक, छोटा वजनकाटा, व्हिनेगरची बाटली, दगडाची रेघ ओढून रंग बघायची खरबरीत फरशी. कपडे अजून पिशवीतच आहेत. बायको असती तर चांगली खरडपट्टी काढली असती. ती असती तर बरं झालं असतं.

५ नोव्हेंबर
ढिगाऱ्यात एक उपरा सापडला. भोवती सगळा काळाकुट्ट दगड आणि हा मुठीएवढा, फिकट तपकिरी, गुळगुळीत. रीतसर तपासणी केली. व्हिनेगर टाकलं, फसफसला नाही. चुंबकाला दाद दिली नाही. नखाने ओरखडा उठेना, सुरीनेही नाही; उलट त्यानेच काचेवर रेघ ओढली. शेवटी माझी जुनी खोड, जीभ लावली. खारट लागतो का, चिकटतो का, यावरून बरंच कळतं. हा असा चिकटला की ओढून काढावा लागला, जिभेचं सालटं गेलं. चिकटतात ते मऊ, मातकट दगड. काच कापणारा चिकटायला नको होता. वजन ४१२ ग्रॅम. नाव काही सापडलं नाही.

७ नोव्हेंबर
सावलीत ठेवला तरी दगड कोमट लागतो. खाणीवर दगड फोडणाऱ्या मावशींना सहज बोललो, तर त्यांनी हातोडाच खाली ठेवला. उन्हाशिवाय गरम लागणारा दगड इथे कोणी घरी नेत नाही, जिथला तिथे टाकतात, म्हणाल्या. जीभ लावल्याचं सांगायची मला लाज वाटली. टाकायला म्हणून खिशात घेऊन गेलो आणि तसाच परत घेऊन आलो. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून या हातांनी गरम असं काही धरलंच नव्हतं.

९ नोव्हेंबर
लेकीचा फोन! तीन वर्षांनी. येत्या रविवारी येते म्हणाली. तिची आई हॉस्पिटलात शेवटचे श्वास मोजत होती, तेव्हा मी नदीकाठी गारगोट्या वेचत होतो. ते तिने माफ केलेलं नाही, आणि मी माफीही मागितलेली नाही. आता तिचा हात हातात घेऊन चुकलो म्हणायचंय, एवढं एकच. खोली दोनदा झाडली.
दगड पुन्हा तोलला. ९८० ग्रॅम. काटा तपासला, बरोबर आहे.

११ नोव्हेंबर
भिंग पुसताना नख लागलं आणि काचेवर रेघ उमटली. माझ्या नखाने. आधी गंमत वाटली, मग नाही. दगडावर नख दाबून पाहिलं: खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. माझी बोटं गार आहेत. गरम पाण्यात धरली तरी गारच.

१३ नोव्हेंबर
चार किलो. टाकायला निघालो, पण गुडघे वळेनात. छातीशी धरला होता — आत ठोके पडत होते. माझ्या नव्हे, त्याच्या. मावशी फाटकाशी भेटल्या. जीभ लावली होती का, एवढंच विचारलं. मी मान हलवली. मग आता टाकून उपयोग नाही, म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत निघून गेल्या.

१५ नोव्हेंबर
टेबलावर मावत नाही. चादर टाकलीय. चादर खाली-वर होते.
लेकीला फोन लावला, येऊ नकोस सांगायला. तोंडातून नुसती खडखड. ती हॅलो, बाबा, हॅलो करत राहिली. आवाजात काळजी होती. माझी काळजी, इतक्या वर्षांनी —

१६ नोव्हेंबर, रविवार
खुर्चीतून उठता येत नाही. पेन बोटांत अडकलंय म्हणून लिहितो —

चादर जमिनीवर. टेबल रिकामं.

आतल्या खोलीत कोणीतरी खाकरलं. मी खाकरतो तसं.

दार वाजतंय. बाबा म्हणून हाक मारतेय. आलो गं, असं माझ्याच आवाजात — मी नाही, मी बोललो नाही —

दार उघडलं. ती रडतेय. हात किती गरम आहेत तुमचे, म्हणतेय —

चुकलो म्हणाला. माझं वाक्य होतं ते. माझं —

त्याच्या खांद्यावरून इकडे बघतेय. हा एवढा मोठा दगड खुर्चीत कशाला ठेवलाय, म्हणून हसून विचार —

पोरी, मी इक