घरासकट माहेरी

ती. दादांना नमस्कार.

तुमची तब्येत ठीक दिसते. सकाळी गच्चीवर व्यायाम करताना पाहिले. वहिनी कपडे वाळत घालता घालता मला पाहून आत गेल्या, म्हणजे त्याही ठीक असाव्यात. तुमच्याच अंगणातून लिहितो आहे. माझ्याशी बोलायचे नाही असे तुमच्या बहिणीने सगळ्यांना बजावले आहे. वाचण्याबद्दल काही म्हटल्याचे ऐकले नाही.

तिने तुम्हाला तिची बाजू सांगितली असेल, आणि ती खरी असेल. फ्लॅट विकून ट्रकच्या पाठीवरच्या या खोलीत कायमचे राहायचे, ही कल्पना माझी. रोज खिडकीत नवा डोंगर असेल, असे मी म्हटले होते. डोंगर होते. पण दूध संपले की सगळे घर घेऊन दुकानात जावे लागते. त्याआधी कपबशा बांधायच्या, कपाटांना कड्या घालायच्या. (एकदा विसरलो. मसूर अजून अंथरुणात सापडतात.) एकाने स्वयंपाक करायला घेतला की दुसऱ्याने पलंगावर चढायचे, नाहीतर बाहेर पावसात उभे राहायचे. पावसात बहुधा तीच उभी राहिली.

रुसायला मात्र इथे जागा नाही. दुसरी खोली म्हणजे पुढची ड्रायव्हरची केबिन, आणि तिथे जायचे तर बाहेरून. काल तिने खिडकीत कुंडी ठेवायला जागा मागितली. गाडी हलली की माती सांडेल, असे मी म्हटले. "मग मी आणि कुंडी दोघी जातो," म्हणून ती दार आपटून उतरली. मला वाटले, पाय मोकळे करून येईल. मी आंघोळीला शिरलो. अंगाला साबण लावला आणि घर निघाले.

एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, असे आमचे ठरलेले आहे. घाबरून मी भिंत सारखी बडवत राहिलो. तिने नियमाप्रमाणे वेग वाढवला. नवऱ्याला सोडून माहेरी निघालेली बाई नवऱ्याला घेऊनच पोचली. तुमच्या दारात टॉवेलवर उतरलो, त्याबद्दल वहिनींची क्षमा मागतो.

कुंडी तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. इथून दिसते. मघाशी तिने ती उन्हाकडे वळवली. तिथे चांगली दिसते.

आपला मेहुणा,
मु. पो. अंगण

ता. क. गाडीची किल्ली तिच्या पर्समध्ये आहे. तेवढी पाठवा. मी निघतो, कोणाला त्रास नको.

आणखी एक. किल्ली राहू द्या तिच्याकडेच. ती तुमची माडीवरची खोली मागत होती, ते ऐकू आले. तिथे दुसरी खाट मावेल का, तिलाच विचारून सांगा. नाही मावली तर मी जमिनीवर झोपेन. खिडकी कुंडीलाच राहू द्या.