मास्क आपला, मशीन सरकारचं

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा नमस्कार, वहिनींनाही सांग. तुझे गुडघे काय म्हणतात, डोळ्यांत थेंब घालतोस की बाटली नुसती खिडकीत मांडून ठेवलीयस, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने जिन्याच्या भांडणापासून धरलेला अबोला अजून सोडला की नाही, हे सगळं सविस्तर कळव. आम्ही इकडे मजेत आहोत. (पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. वाचून झालं की खोडून टाक.)

परवा फोनवर तू विचारलंस की मी क्रेन सोडून फाटकावर का उभा असतो. मी म्हटलं पत्रात लिहितो, कारण फोनवर सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि आमची ही दार लावून घेते. तर ऐक. एकोणीस वर्षं मी लोखंडाच्या गोदामात क्रेन चालवली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून साधा खिळासुद्धा कुणाच्या डोक्यावर पडला नाही. गेल्या वर्षी वार्षिक तपासणीला नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी छाती नाही, पोट नाही, थेट माझ्या मानेला टेप लावला. मला वाटलं, कंपनी शर्ट शिवून देतेय. माप बघून बाईंनी भुवया वर केल्या आणि विचारलं, घोरता का? मी म्हटलं, छे. (हे मी खरंच सांगितलं. मी स्वतःला घोरताना कधी ऐकलेलं नाही.) तेव्हा त्या म्हणाल्या, बायकोचं लेखी निवेदन आणा. तुझ्या भावजयीला सरकारी कागदावर माझ्याविरुद्ध लिहायची संधी लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली होती. दिलेली जागा पुरली नाही म्हणून तिने पुरवणी जोडली.

मग इस्पितळात एक रात्र अंगभर वायरी लावून झोपवलं. निकाल आला: तासाला एक्केचाळीस वेळा माझा श्वास थांबतो. मी विचारलं, हे चांगलं की वाईट? शाळेत मला कुठल्याच विषयात एक्केचाळीस पडले नव्हते, तेव्हा काय समजणार? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, याला स्लीप ॲप्निया म्हणतात, तोही तीव्र. रात्री श्वास अडतो, काळजावर ताण येतो, आणि दिवसा केव्हा डुलकी लागेल याचा नेम नाही. खाली माणसं, वर दोन टन लोखंड, मध्ये मी. सुरक्षा अधिकाऱ्याने त्याच दुपारी क्रेनची किल्ली काढून घेतली. (हा माणूस जेवतानाही हेल्मेट काढत नाही, म्हणून आम्ही त्याला हेल्मेटसाहेब म्हणतो.) मला फाटकावर बसवलं. येणाऱ्या ट्रकचा नंबर लिहायचा, जाणाऱ्या ट्रकचा नंबर लिहायचा. एकोणीस वर्षं मी सगळ्यांना वरून बघितलं रे. आता ड्रायव्हर लोक काच खाली करून माझ्याकडे वही मागतात. पहिल्या दिवशी मुतारीत जाऊन रडलो, खोटं कशाला बोलू.

यावर उपाय म्हणजे श्वासाचं मशीन. तुझ्याकडे आहेच, तुला काय सांगायचं. रात्री नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवा येते, गळा बंद पडत नाही. बाजारात त्याची किंमत ऐकली आणि जागच्या जागी श्वास थांबला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीव्र आजाराला सरकार पाऊण रक्कम देतं, अर्ज करा. केला. मायबाप सरकारचं मन किती मोठं, तर मशीन आधी तीन महिने वापरायला मिळतं. आत एक चिप असते, ती रोज किती तास वापरलं ते परस्पर कार्यालयाला कळवते. चार तासांच्या वर भरले पाहिजेत. तीन महिन्यांनी फेरतपासणी, आणि मग कायमची मंजुरी. मी खूश! फक्त मास्क सरकारच्या त्या पाऊण रकमेत बसत नाही. का, असं मी कार्यालयाच्या खिडकीवरच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी परिपत्रक उघडून दाखवलं: मास्क ही वैयक्तिक वापराची वस्तू आहे, मोज्यांसारखी. म्हणजे हवा सरकार देणार, ती नाकात कशी घालायची ते ज्याचं त्याने बघायचं. घेतला विकत. शिवाय मिशीमुळे मास्कच्या कडेने हवा सुटते म्हणून सव्वीस वर्षांची मिशी उतरवली. दोन दिवस ही माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं अदबीने बोलत होती. ते दोन दिवस बरे गेले.

आणि दादा, ते मशीन! मी तुला इतके दिवस ओरडत होतो की वापर, वापर, तेव्हा मला स्वतःला कुठे माहीत होतं. पहिल्या सकाळी उठलो तर वाटलं, कुणीतरी खिडकीच्या काचा पुसल्यात. डोकं दुखत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी जेवलो, झोपलो नाही. स्वप्नं पडायला लागली, त्यातली काही तर चांगली होती. तीन महिन्यांत मी एक रात्र चुकवली नाही. सरासरी सात तास दहा मिनिटं! हेल्मेटसाहेब म्हणाले, मंजुरी पक्की झाली की किल्ली तुमची.

मग फेरतपासणीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "सर्व साहित्यासह उपस्थित राहावे." तुझा धाकटा भाऊ कसा आहे ते तुला माहीत आहे. बाबांनी मला एकच शिकवलं, सरकारी कागदात लिहिलंय ते करायचं. मी मशीन नेलं, नळी नेली, मास्क नेला, वायर आखूड पडायला नको म्हणून घरचं एक्स्टेन्शन बोर्डही नेलं. तिथला तंत्रज्ञ स्वतःच पेंगत होता. त्याने विचारलं, मशीन लावून झोपणार? मी पत्र दाखवलं. त्याने खांदे उडवले. मी मास्क चढवला आणि राजासारखा झोपलो. निकाल: तासाला दोन. एक्केचाळिसाचे दोन! मी त्या पेंगणाऱ्या माणसाचा हात इतक्या जोरात हलवला की तो पूर्ण जागा झाला.

आठ दिवसांनी कार्यालयाचं पत्र. अर्जदारास सदर आजार नसल्याचे फेरतपासणीत आढळून आले आहे. सबब अर्थसाहाय्य अनुज्ञेय नाही. मशीन सात दिवसांत जमा करावे.

मी तीन वेळा वाचलं. मग खिडकीवर गेलो. बाई वाईट नाहीत, हे आधीच सांगतो, घसा बसलेला असतानाही त्या शांतपणे बोलतात. मी म्हटलं, अहो, मशीन लावलं होतं म्हणून श्वास थांबला नाही. त्या म्हणाल्या, म्हणजे थांबत नाही ना? मी म्हटलं, तुम्हाला चष्मा लावून वाचता येतं, म्हणून कुणी तुमचा चष्मा काढून घेतं का? बाईंनी खरोखर चष्मा काढला, काचा पुसल्या, विचार केला, परत लावला आणि सांगितलं की चष्मा हा विषय दुसऱ्या विभागाकडे आहे. वर प्रेमाने सल्ला दिला: सहा महिने उपचाराशिवाय राहा, मग नव्याने अर्ज करा, नक्की होईल. सहा महिने आजारी राहायचं, दादा, आणि तेही नीट, मन लावून. मध्येच मेलो तर काय, हे मी विचारलं. त्यासाठी वारसाने वेगळा फॉर्म भरायचा असतो. अपिलाचा कागद मात्र लगेच दिला. त्यात पहिलाच रकाना होता, आजार बरा झाल्याची तारीख.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यासाठी दोन कडक पत्रं लिहिली. ती दोन्ही फाइलला लागली आणि फाइल जाड झाली, यापलीकडे त्यांचा उपयोग झाला नाही. मशीन मी सातव्या दिवशी जमा केलं. पावती मिळाली. मास्क परत घेत नाहीत, तो माझा. खुंटीला टांगलाय.

शेवटी मी म्हटलं, निदान या कागदाचा फायदा तरी करून घेऊ. सरकारच म्हणतंय मी बरा आहे, मग द्या किल्ली. हेल्मेटसाहेबांनी पत्र वाचलं, ड्रॉवर उघडला, किल्ली हातात घेतली आणि विचारलं, मशीन कुठंय? मी म्हटलं, नेलं. त्यांनी किल्ली परत ड्रॉवरमध्ये ठेवली. या सगळ्या प्रकरणात एकाच माणसाचं डोकं चालतं, आणि नेमकं तेच माझ्या आड आलं. पण माणूस सरळ. म्हणाले, नाव-गाव मला नको, कागद नको, मशीन कुठूनही आणा, लावून झोपा, आणि पडद्यावर आठवड्याचे तास दिसतात ते दर सोमवारी मला दाखवा, किल्ली देतो. महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग क्रेनवर नवा माणूस घेणार. फाटकाची जागाही तात्पुरतीच आहे, तीही तेव्हाच संपते. दुकानात मशीन माझ्या फाटकावरच्या नऊ पगारांना आहे. हप्ते मिळतात, पण कायम नोकरीचा दाखला लागतो. म्हणजे झोपायला नोकरी हवी आणि नोकरीला झोप. आज बारा तारीख आहे.

असो. रडगाणं पुरे. तू तब्येतीला जप, वहिनींना जास्त त्रास देऊ नकोस.

तुझा,
कागदोपत्री ठणठणीत धाकटा

ता. क. वहिनी हिला फोनवर सांगत होत्या की तुलाही कार्यालयाची नोटीस आलीय. मंजुरीनंतरही चिप तास कळवतच असते, आणि तुझे गेल्या तीन महिन्यांत मिळून अकरा तास! अरे, अकरा तास तर मी एका रविवारी भरले होते. आवाज होतो म्हणे, नळी पायात येते म्हणे. आणि तुला मंजुरी मिळाली कशी, ते आठवतंय ना? फेरतपासणीला जाताना तू मशीन घरी विसरलास, म्हणून आजारी ठरलास. मी नियम पाळला आणि बरा झालो. लहानपणापासून हेच चाललंय. तू दप्तर विसरायचास आणि छड्या मला.

ता. क. २. आता मुद्द्याचं बोलतो. तुझं मशीन तसंही पुढच्या महिन्यात उचलून नेणार. त्यापेक्षा माझ्याकडे पाठव. मी तुझ्या नावावर झोपतो. चिपला तास कळतात, नाक कळत नाही. तुझे तास भरतील, तुझी नोटीस मिटेल, माझी क्रेन वाचेल, आणि सरकारलाही वाटेल की आपला पैसा सत्कारणी लागला. मास्क माझा आहेच. यात फसवणूक आहे असं तू म्हणशील. आहे. एकोणीस वर्षांत केलेली पहिली.

ता. क. ३. मालवाहू गाडीने पाठवू नकोस, आदळआपट होते. मीच रविवारी येऊन घेऊन जाईन. राहणार नाही.

भाऊजी, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, पाकीट उघडं होतं, म्हणून खाली चार ओळी लिहिते. यांना सांगू नका.

मशीन नेल्यापासून मी झोपलेली नाही. यांचा श्वास थांबला की आकडे मोजते. वीसपर्यंत थांबायचं, तोवर आला नाही तर कुशीवर ढकलायचं. हे जागे होत नाहीत, नुसते वळतात, आणि सकाळी म्हणतात, काल बरी झोप लागली. दिवसभर मी कापडाच्या दुकानात उभी असते. गेल्या आठवड्यात एकाच गिऱ्हाईकाचं कापड दोनदा कापलं. परवा मोजता मोजता माझाच डोळा लागला. जाग आली तेव्हा खोलीत काही आवाज नव्हता. यांच्या अंगाला हात लावायचा धीर होईना. किती वेळ बसले कोण जाणे. मग घोरले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजाला हात जोडले.

यांना वाटतं, मशीन क्रेनसाठी हवंय. क्रेन गेली तर दुसरं काही बघू.

पण पाठवण्याआधी एक करा. तुम्ही मशीन लावत नाही, तर जाऊबाई रात्री काय करतात, ते त्यांना एकदा विचारा. आम्ही दोघी फोनवर सगळं बोलतो, हे कधी बोललो नाही. त्या झोपत असतील, तर हे रविवारी येतील तेव्हा मशीन द्या. मोजत असतील, तर यांना रिकाम्या हाताने परत पाठवा, आणि त्याच रात्रीपासून लावायला लागा.