शिंपीमास्तरांचा वाकडा रिपोर्ट आणि माझा सरळ

चि. धाकट्यास थोरल्याचे अनेक आशीर्वाद. घरी सगळे खुशाल असतील. तुझी तब्येत तर उत्तम असेलच (लहानपणी गोवरसुद्धा मलाच आला, तुला नाही).

माझं म्हणशील तर महिनाभर इस्पितळात आहे. रक्ताचा कर्करोग, त्यातही घाईचा. पण त्याहून मोठं दुःख शेजारच्या खाटेवर आहे. तिथे एक शिंपीमास्तर आहेत. आजार दोघांना एकच, फक्त त्यांचा पोटप्रकार वेगळा, आणि म्हणे चांगला. आजारातसुद्धा चांगला माल दुसऱ्याच्याच वाट्याला!

आधी पेशींच्या खुणांचा रिपोर्ट आला. बिघडलेली पेशी कुठल्या घराण्यातली हे तिच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखतात, आणि त्या खुणांना सीडी तेहतीस, सीडी चौतीस असे नंबर असतात. चौतीस मला पॉझिटिव्ह, मास्तरांना निगेटिव्ह. बोटांवर मोजलं, तर माझे पॉझिटिव्ह पाच, त्यांचे तीन. (सातवीत शाळा सुटल्यापासून कुणाच्या पुढे जायची ही पहिलीच वेळ.) नर्सबाईंना म्हटलं, "म्हणजे पहिला मीच ना?" त्या म्हणाल्या, "आजोबा, या खुणा आहेत, गुण नाहीत."

मग गुणसूत्रांचा रिपोर्ट आला. मास्तरांच्या पंधरा आणि सतरा नंबरच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांना देऊन टाकलेले. आणि माझ्या कागदावर काय, तर सगळी गुणसूत्रं नॉर्मल! मी लगेच पिशवी भरली, चपला घातल्या, "येतो मास्तर, जपा," असं जरा मोठ्याने म्हणालो आणि लिफ्टपर्यंत पोचलो. तिथून डॉक्टरीणबाईंनी हाताला धरून परत आणलं. म्हणाल्या, गुणसूत्रं सरळ दिसली म्हणजे आजार गेला असं नाही, तुमचा बिघाड याहून बारीक आहे. उलट मास्तरांचा बिघाड नेमका माहीत, म्हणून औषधही नेमकं. त्यांना अ जीवनसत्त्वाच्या भावकीतल्या गोळ्या आणि सलाइनमधून सोमल देतात. सोमल! ज्याने उंदीर मरतात त्याने हा गृहस्थ टवटवीत होतो. माझ्या तोंडात फोड, डोक्यावर एक केस नाही, आणि हे दिवसातून तीनदा भांग पाडतात, तोही माझ्याकडे तोंड करून. वर मला समजावतात, "अहो, एकाची बाही दुसऱ्याला लागली, एवढंच झालंय. उसवली की काम झालं." जळून कोळसा झाला माझा.

असो. काळजी करू नकोस. करत असलास तर तसं कळव.

तुझा,
थोरला

ता. क. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, सख्खं भावंड आहे का? औषधाने आजार दबला की हाडातली मज्जा दुसऱ्याची घालावी लागेल (स्वतःची मज्जा मी आयुष्यात केलीच नाही). बारा वर्षं आपण बोललो नाही, म्हणून दोन दिवस "नाही" म्हणालो. तिसऱ्या दिवशी "एक आहे" म्हणालो. जुळते का पाहायला तुझ्या रक्ताची एक नळी हवी आहे.

ता. ता. क. भावंडांची चारात एकदाच जुळते म्हणतात. नाही जुळली तरी ये. न जुळण्याची आपल्याला सवय आहे.