कुणाचा हात गरम

प्रिय वेनिंग,

साठच्या साठ पिशव्यांना एकाच आठवड्यात अळिंबी फुटली आहे आणि तू फोनवर "बरी आहे, इबू" यापलीकडे एक अक्षर बोलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. मला पत्रं लिहायची हौस नाही. शेवटचं लिहिलं ते शाळेतून निवृत्त होताना, शिक्षण खात्याला. त्याचंही उत्तर आलं नाही.

पिशव्या तू मागवल्यास आणि वोनोसोबोला माहेरी निघून गेलीस. तीन आठवड्यांनी तुगी टेम्पो घेऊन दारात उभा. "सूनबाईंच्या धिंगरी अळिंबीच्या पिशव्या आणल्यात, कुठे लावू?" मी म्हटलं, परत ने. तर म्हणतो, "इबू, भुशात बी धरलंय, आता ते जिवंत आहे. जिवंत माल मी परत नेत नाही." घरात आई म्हणून, बाहेर बाई म्हणून सगळे मला इबूच म्हणतात, एकतीस वर्षं मी वर्ग गप्प केले, पण या माणसापुढे माझं काही चाललं नाही. शेळ्यांच्या जुन्या खोलीत, तुझ्याच बांबूच्या मांडणीवर, त्याने त्या आडव्या रचल्या आणि माझ्या हातात पाण्याचा फवारा देऊन गेला.

तेव्हापासून मी या पिशव्यांची नोकर आहे. दिवसातून तीनदा फवारा. जमीन कोरडी पडता कामा नये, पण पिशवीच्या तोंडात पाणी जाता कामा नये. ऊन नको, पण उजेड हवा. वारा हवा, पण झोत नको. एवढे नखरे मी सेनोचे त्याच्या लहानपणीही चालवून घेतले नाहीत. आणि फुटायला लागली की थांबेल तर शपथ! सकाळी अंगठ्याएवढी, दुसऱ्या दिवशी तळहाताएवढी, आणि कडा वर वळायच्या आत तोडली नाही तर चामडं. सोलो शहरात भाचीच्या लग्नाला गेले नाही मी. काय कारण सांगितलं असेल? अळिंबी! माझी बहीण फोनवर इतकी हसली की मी फोन ठेवून दिला.

आणि खायची कुणी? मिरची घालून परतली, पिठात बुडवून तळली, केळीच्या पानात वाफवली, काड्यांना टोचून भाजली. सेनो ताटाकडे बघून विचारतो, "इबू, आज पण?" मी म्हणते, बायकोला आणायला जातोस ना दर शनिवारी, मग आण. तो मुकाट्याने खातो. दर शनिवारी बसने जातो, रविवारी एकटाच परत येतो, आणि मी विचारलं की म्हणतो, "ती बरी आहे." तुम्हां दोघांनी हे एकच वाक्य वाटून घेतलं आहे की काय?

आता मुद्द्यावर येते. पहिल्या ऐंशी पिशव्या तू मागच्या नोव्हेंबरात लावल्यास. तेव्हा तुला दिवस गेले होते. पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, तू त्यांची तोंडं उघडलीस, मोहरीएवढे कोंब आले, आणि आले तसे पिवळे पडून वाळले. पुन्हा आले, पुन्हा वाळले. तू स्टुलावर बसून एकेक पिशवी बघत असायचीस. मी तुला म्हटलं होतं, भुशावर इतका जीव लावू नये. मग जानेवारीत पाचव्या महिन्यात बाळ गेलं. कुंपणाजवळ आपण त्याला ठेवलं आणि त्यावर तू मोगरा लावलास.

त्यानंतर तीन आठवड्यांनी भिशी आपल्या घरी होती. शेजारच्या कार्सीने विचारलं, "सुनेच्या अळिंब्यांचं काय झालं हो?" आणि मी म्हटलं, काहींचा हातच गरम असतो, धरलेलं टिकत नाही. अकरा बायका बसल्या होत्या. तू चहाचा ट्रे घेऊन दारात होतीस. एक थेंब सांडला नाहीस. ट्रे ठेवलास, सगळ्यांना साखर विचारलीस. दुसऱ्या दिवशी माझा हात कपाळाला लावून म्हणालीस, "इबू, चार दिवस आईकडे जाऊन येते." चार दिवसांचे पाच महिने झाले. भांडली असतीस तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. वाकून नमस्कार करून गेलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

या साठ पिशव्यांचंही सुरुवातीला तेच झालं. कोंब आले, वळले, वाळले. मी तुगीला बोलावून चांगलं झापलं, की तुझं बीच खराब. तो खोलीत शिरला, दोन पावलं चालला, थांबला, आणि नाक वर करून हसायला लागला. "इबू, इस्पितळ काढलंय की काय? फिनेल कोण मारतं इथे?" मी म्हटलं, मी मारते. रोज पहाटे, नमाज झाला की, सगळ्या घराबरोबर. स्वच्छता नको? तो म्हणाला, "स्वच्छता हवी, पण साध्या पाण्याने. या वासाने कोंब जागच्या जागी जळतो. झाकणभर पुरतं." मग माझ्या हातातल्या बादलीकडे बघून म्हणाला, "आधीच्या ऐंशीलाही हेच पाजलंत का?"

पाजलं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रोज, तू उठायच्या आत. या घराला सदा तोच वास, तुला वेगळा येणार कसा. गृहविज्ञानाची पदवी आहे माझ्याकडे. जंतू कशाने मरतात हे मी हजारभर मुलींना शिकवलं. अळिंबी त्याच जातीची, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

पाच दिवस साध्या पाण्याने खोली धुतली. दहाव्या दिवशी पहिला झुपका आला, आणि त्यामागोमाग कार्सी. तिने गल्लीभर केलं, "इबू मूर्तींचा हात थंड बाई! तीच खोली, तीच मांडणी. सुनेने लावलं ते मेलं, सासूने लावलं ते फुललं." मग लोक मिरचीची रोपं घेऊन यायला लागले, पहिलं रोप तुमच्या हाताने लावा म्हणून. मी लावून दिली. तीन आठवडे मी ते कौतुक ऐकून घेतलं, वेनिंग. हेही लिहून ठेवते.

गेल्या गुरुवारी भिशी कार्सीकडे होती. मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फिनेलची बाटलीसुद्धा नेली होती, वर्गात न्यायचे तशी. कार्सी म्हणाली, "म्हणजे हात तुमचा गरम?" मी म्हटलं, हात कुणाचाच गरम नसतो, पण तुला कुणाचा तरी हवाच असेल तर माझा धर. घरी येताना तिनेच माझी छत्री धरली. मिरचीची रोपं मात्र आता कुणी आणत नाही, ते एक बरं झालं.

अळिंबी हे निमित्त होतं, हे तू दुसऱ्या ओळीलाच ओळखलं असशील. ते वाक्य मी पिशव्यांबद्दल बोलले, असं मी स्वतःला पाच महिने बजावत होते. ते खरं नाही. बोलताना माझ्या मनात बाळही होतं. मला नातवंड हवं होतं आणि दोष द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि तू ट्रे घेऊन दारात उभी होतीस. पिशव्या मी मारल्या. बाळ कुणीच मारलं नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. अकरा जणींसमोर बोललेलं अकरा जणींसमोर परत घेतलं, पण बारावी तू होतीस, आणि तुझ्यासमोर ते फोनवर घेता येईना, म्हणून हे पत्र. ये असं मी म्हणणार नाही. तो हक्क मी त्या दिवशी घालवला. पिशव्यांना अजून दोन बहर आहेत असं तुगी म्हणतो. तोवर फवारा मी मारीन. मोगऱ्याला पाणी मी रोज घालते. त्या बाजूला फिनेल कधीच नेलं नव्हतं.

तुझीच (हा शब्द विचार करून लिहिला आहे),
इबू मूर्ती

शनिवारी सकाळी सेनोच्या हाती दिलं ते: ताजी अळिंबी, दोन टोपल्या, वर ओला कपडा, तुझ्या आईसाठी तळलेली अळिंबी, एक डबा. तुझं स्टूल, पाय दुरुस्त करून. शेळ्यांच्या खोलीची किल्ली. दुसरी माझ्याकडे आहे, फवाऱ्यापुरती, तू मागशील तेव्हा तीही देईन. मोगऱ्याची फुलं, ओंजळभर, केळीच्या पानात. तोडली मी, माझ्या हाताने. चालतील की नाही ते तू ठरव.