उजवीकडची खिडकी

अथेन्स, १४ सप्टेंबर

चि. स्टामाटिस यास,
अ. उ. आ. फोनवर जाब विचारला की तुझा आवाज तुटायला लागतो, म्हणून लिहिते. विमानात आईला डावीकडे बसव, असं तूच सांगितलंस ना? त्या खिडकीसाठी मी तिकिटाच्या मुलीशी भांडले. पाच महिने इस्पितळात आई एकच घोकत होती, की घरी जाताना वरून आपली ऑलिव्हची झाडं बघेन, बाबांनी लावलेली, सगळी एकदम. आणि दिसलं काय, तर समुद्र!

चूक झाली म्हणू नकोस. विमानतळावर नोकरी तुझी, रोज वारा बघतोस. उत्तरेचा वारा असला की विमान बेटाच्या टोकाला वळसा घालून उतरतं आणि आपला डोंगर उजव्या हाताला येतो, हे मला तूच शिकवलंस. खरं काय ते लिही, नाहीतर नाताळला तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही.

तुझी (अजून तरी) ताई,
आर्गिरो


आनो पेत्रा, १९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. ओरडून झालं? आता ऐक. झाडं नाहीत. ऑगस्टच्या वणव्यात आपला अख्खा डोंगर गेला. तुला ‘थोडी झळ लागली’ म्हणालो, ते खोटं होतं.

मी विमानतळाच्या आगीच्या बंबावर. विमान यायचं असलं की बंब धावपट्टीजवळून हलवायचा नाही, असा नियम. पाण्याने भरलेल्या बंबात बसून मी बाबांची झाडं जळताना पाहिली. ते आईला वरून दाखवू? लांबून जाब विचारायला तुझं काय जातं! घरातून डोंगर दिसत नाही, शेजाऱ्यांना मी दम दिलाय. तिला काही सांगशील तर याद राख.

राग निवळला की लोभ पूर्वीसारखा ठेव.

तुझा
स्टामाटिस


आनो पेत्रा, २१ सप्टेंबर

चि. आर्गिरो व चि. स्टामाटिस यांस,
आशीर्वाद, पण आज नुसता रीत म्हणून. स्टामाटिस आपलं पत्र टपालात टाकायला माझ्याच हातात देऊन गेला, एवढा शहाणा! मी ते फोडलं. माझं त्याच पाकिटात घालतेय, आणि याची नक्कल त्याच्या ताटाखाली ठेवतेय.

फोडायची गरज नव्हती म्हणा. विमानात उजवीकडच्या बायका बडबडत होत्या, त्या एकदम गप्प झाल्या. एकीने छातीवर क्रूसाची खूण केली. मी समुद्राकडे बघत राहिले. गावात आल्यापासून जो तो माझ्याशी हवापाण्यावरच बोलतोय. मी काय पाळण्यातलं पोर आहे? आणि आर्गिरो, ‘थोडी झळ’ म्हणजे किती, हे तूही विचारलं नाहीस.

काल शेजारच्या याकोवोसचं गाढव मागून घेतलं आणि वर गेले. एकही झाड उभं नाही. एकेका बुंध्याला हात लावला आणि दुपारपर्यंत मोठ्याने रडले. तुमच्या बापाच्या हातचं तेवढंच उरलं होतं. घरात मयत झालं, आणि विधवेलाच सगळ्यांत शेवटी कळू दिलंत.

लोभ आहे, तो कुठे जातोय. राग उतरायला मात्र वेळ लागेल.

तुमची आई,
मारिगो