मूठभर बाजरीचं पीठ

आई, तुझ्या नातीचं गुरुवारी ऑपरेशन आहे. छातीतली गाठ काढणार आहेत, आणि ती साधी आहे की नाही हे नंतर तपासणीतून कळेल. तू तिला पाहिलं नाहीस, ती जन्मायच्या आधीच गेलीस. ती नगरजवळच्या नागापूरला एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे आणि तिची जीभ माझ्यावर गेली आहे. परवा मला म्हणाली, "मम्मी, गाठ मला आहे आणि तोंड तुझं उतरलंय. आधी तुलाच अ‍ॅडमिट करू का?"

घरी माणसं येताहेत. चर्चच्या महिला मंडळाच्या बायका चहा पितात, प्रार्थना करतात आणि उठताना मला सांगतात, "ताई, काळजी करायची नाही. काळजी म्हणजे अविश्वास." काल एकीला मी म्हटलं, "तुमच्या मुलीच्या लग्नात आचारी उशिरा आला, तेव्हा तुम्ही मांडवात चक्कर येऊन पडला होता. त्या दिवशी विश्वास कुठे ठेवला होता?" तिनं चहा अर्धाच ठेवला. मला फारसं वाईट वाटलं नाही. ज्याला काळजी कशी असते ठाऊक नाही, त्यानं ती सोडायला सांगू नये. तुला ठाऊक होती, म्हणून तुला लिहिते आहे.

कर्जतकडच्या आपल्या घरातली ती सकाळ आठवते. मी नगरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आले आहे. धाकटा मिशनच्या दवाखान्यात तापानं फणफणलेला, बाप त्याच्या उशाशी, आणि तू त्यांच्यासाठी भाकरी करायला बसली आहेस. डोळे सुजलेले. परातीत पीठ घ्यायच्या आधी तू रोजच्यासारखी एक मूठ काढून चुलीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकतेस. रविवारी ते पीठ चर्चमध्ये जायचं आणि तिथून विधवांच्या घरी. मला संताप येतो. मी म्हणते, "आज तरी राहू दे. सिस्टर म्हणतात देव सगळ्या जगाचा मालक आहे. त्याला आपलं पीठ कशाला लागतं?"

तू पाणी घालत होतीस. "त्याला न्हाई लागत गं. मला लागतं. रातभर पोराला मुठीत धरून बसले, बोटं आखडली. आता उघडते."

"मग गेली का काळजी?"

"लई शिकलीस," तू म्हणालीस. "एकदा दिली म्हंजी जाती व्हय? सांजच्याला परत येती. मंग उद्या परत द्यायची. म्हून तर रोजची मूठ हाय."

धाकटा वाचला नाही. तीन दिवस शेजारणींनी भाकऱ्या आणल्या. चौथ्या दिवशी तू चूल पेटवलीस आणि डब्याचं झाकण काढलंस. मी दारात उभी राहून तुझ्या मुठीकडे बघत होते, निदान ती लहान तरी असेल म्हणून. ती नेहमीएवढीच होती. त्या मुठीचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग आला, आणि तो मी पुढे शाळेत शिकवताना, संसार करताना, निवृत्त होईपर्यंत सांभाळला. मला वाटायचं, तू देवाशी सौदा केलास आणि फसलीस. सौदा असता तर चौथ्या दिवशी तू तो डबा अंगणात भिरकावला असतास, हे मला या आठवड्यात उमगलं.

काल मी चर्चमध्ये विचारलं, पीठ घेता का अजून. सेक्रेटरी हसला. "मावशी, आता पीठ कोण देतं? दाराशी कोड लावलाय, स्कॅन करा." मी म्हटलं, "बाळा, काळजी स्कॅन होत नाही." मग पाळकबाईंनीच सांगितलं, मागच्या चाळीत एक म्हातारी एकटी राहते, तिला बाजरी चालते.

म्हणून आज सकाळी बाजरीचं पीठ आणलं. बिस्किटांचा रिकामा डबा ओट्यावर घेतला. पोरगी दारात येऊन उभी राहिली, मी तेव्हा उभी होते तशीच. "हे काय चाललंय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुला देवाच्या हाती देते आहे." ती जवळ आली आणि डबा धरून उभी राहिली. मी मनात तिचं नाव घेतलं आणि हात उघडला.

काळजी गेली नाही. पण दुपारी मला झोप लागली, कित्येक दिवसांनी. संध्याकाळी काळजी परत आली, तू म्हणाली होतीस तशीच. मला तिची आता तेवढी भीती वाटली नाही. उद्या सकाळी पुन्हा पीठ काढायचं आहे, गुरुवारीही, आणि तपासणीत काहीही निघालं तरी त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

हे पत्र तुझ्या बायबलात ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? एकच सांगायचं राहिलं. माझी मूठ तुझ्याएवढी भरली नव्हती, आई. अर्धीच होती.