घासलेले पडदे

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! वर राहायला दोन खोल्या, खाली वाद्यदुरुस्तीचं दुकान, आणि त्याच दुकानात माझी नोकरी. जिना उतरला की कामावर, चढला की घरी. उशीर झाल्याची सबब सांगायची सोयच उरली नाही! दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे वैद्यबाई म्हणतात. मोडक्या मानेची व्हायोलिनं आणि दमेकरी अ‍ॅकॉर्डियन त्यांच्या हातून बरी होऊन जातात, म्हणून. पहिल्याच भेटीत त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, बोटं चांगली आहेत, डोकं कसं आहे ते कळेलच हळूहळू.

ढम्याची बेस गिटार आईने अख्ख्या प्रवासात मांडीवरून उतरवली नाही. ढम्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. दिवसभर ढम ढम करत बसायचा म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. बाबा तर त्याच्याही आधी गेलेले. इथे नवी जागा, नवे शेजारी, आईला जरा उभारी येईल. निदान खिडकीतून ऊन तरी भरपूर येतं.

९ फेब्रुवारी

काम आवडलं. सरसाचा वास, भुशाने पांढरे झालेले हात, आणि दिवसभर कुठलं ना कुठलं वाद्य कण्हत असतं. वैद्यबाई बोलायला तिखट, पण शिकवताना हातचं राखत नाहीत.

त्यांचा एक नियम मात्र अजब आहे. गेलेल्या माणसाचं वाद्य आलं तर त्या तारा तेवढ्या बदलून देतात, बाकी कशाला हात लावत नाहीत. आज एक बाई वडिलांचं चेलो नव्यासारखं करून मागत होत्या. त्यांना गोड बोलून परत पाठवलं. मी कारण विचारलं तर मला म्हणाल्या, आधी कानस सरळ धरायला शीक.

आईचं काही खरं नाही. गिटारीच्या मानेवर धातूचे आडवे पडदे असतात. त्यातल्या पहिल्या काहींवर तारांखाली खाचा पडल्या आहेत, ढम्याच्या बोटांनी दाबून दाबून पाडलेल्या. आई त्या खाचांवरून नख फिरवत बसते आणि ताट तसंच निवून जातं. इतकी वाळली आहे की घड्याळ मनगटावरून घसरतं. बाबा गेले, ढम्या गेला, आता हिला जाऊ देणार नाही.

१५ फेब्रुवारी

आईने हट्ट धरला, वाजवून दाखव. वाजवलं. खाचांमुळे माझ्या हातून नुसती खरखर झाली. आई ओक्साबोक्शी रडली. त्याच्या हातून असं नव्हतं वाजत, म्हणाली.

तेव्हाच ठरवलं. ही गिटार नवी करायची. आवाज, पडदे, रंग, सगळं. मग ती ढम्याची राहणार नाही, एक चांगली गिटार होईल आणि आईच्या मांडीवरून उतरेल. वैद्यबाई दुपारी जेवायला गेल्या की दुकान माझंच. नियम गिऱ्हाइकांसाठी असतात, घरच्यांना कसले नियम?

आज पिकअप बदललं. तारांखालची ती चुंबकाची पट्टी, तारेची थरथर पकडून तिचा आवाज करणारी. डाख वितळवून जुनं सोडवलं, नवं बसवलं. काय भरदार आवाज आला! मीच बघत राहिलो.

१९ फेब्रुवारी

आई आज दोनदा वाढून घेऊन जेवली! माझा जीव भांड्यात पडला. रोज सकाळी ती ढम्यासारखा हेल काढून ‘आई, चहा टाक गं’ म्हणायची आणि मग स्वतःच रडायची. ते आता बंद झालंय.

मीही त्याचा आवाज आठवून पाहिला. शब्द आठवतात, आवाज येत नाही. वर्ष झालं, होत असेल असं.

२४ फेब्रुवारी

पडदे घासून एका पातळीत आणले. खाचा गेल्या. चंदेरी भुकटी पडली होती, ती झाडून केरात टाकली. मग रंग खरवडला. त्याचा हात टेकून टेकून एका कडेचं लाकूड उघडं पडलं होतं, तिथे आता गडद निळा रंग आहे. अशी देखणी झाली आहे की वैद्यबाईंना दाखवायचा मोह होतो. दाखवली तर नोकरीच जाईल, तो भाग वेगळा.

आईने गिटारीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारच्या शिंपीणबाईंशी गट्टी जमवून आली, आणि येताना जिन्यात चक्क गुणगुणत होती. किती महिन्यांनी ऐकलं ते! मला रडू आवरेना.

२७ फेब्रुवारी

आईने सकाळी फळी पुसली आणि ढम्याचा फोटो कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाली, आधीच्या बिऱ्हाडाचा राहिलेला दिसतो, वैद्यबाईंना विचार. कोणाचं गुणी पोर आहे कोण जाणे, शोधत असतील बिचारे.

मी हसलो. थट्टा करत असेल म्हणून.

आई असली थट्टा करत नाही.

२८ फेब्रुवारी

दुपारी जुनं पिकअप परत बसवलं. गिटार वर आणून एकच तार छेडली.

आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि ऊर फुटेल अशी रडली. मी म्हटलं, आई, आपला ढम्या. तिने विचारलं, कोण? मी कोणासाठी रडतेय, सांग ना रे, कोण गेलं आपल्यातलं? मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, परक्याच्या घरची हकिगत ऐकावी तसं. आणि रडतच राहिली.

दुःख परत आलं. तो नाही आला.

१ मार्च

वैद्यबाईंपुढे सगळं ओकलो. रागावल्या नाहीत. इतकंच विचारलं, पडद्यांची भुकटी कुठे आहे? केरात टाकली म्हणालो. सुटा भाग परत बसवता येतो, घासून गेलेलं परत येत नाही, म्हणाल्या.

मग सांगितलं की त्यांनीही एकदा एक व्हायोलिन नवं केलं होतं. ते त्यांच्या नवऱ्याचं होतं असं लोक म्हणतात. त्यांचं लग्न झालं होतं, असंही लोक म्हणतात.

३ मार्च

आई जेवत नाही. झोपत नाही. नुसती रडते. ज्याचं माणूस गेलं त्याला निदान नाव घेऊन रडता येतं. हिला तेही नाही. मी नाव सांगतो, ती मान हलवते, पुन्हा विचारते. कोण रे?

बघवत नाही. ती जाईल अशाने —

पिकअप पुन्हा काढलं. तिच्यासाठी काढलं.

लगेच थांबली. डोळे पुसले आणि विचारलं, मी कांदा चिरत होते का?

५ मार्च

आता तो फक्त माझ्याकडे आहे. फोटो समोर धरला की ओळखतो. खाली ठेवला की —

तापाने गेला. हे पक्कं आहे. डावखुरा होता. की मी आहे डावखुरा? पेन उजव्या हातात आहे. म्हणजे तो. तोच.

हसायचा कसा ते —

आई खाली दुकानात हसतेय. वैद्यबाईंशी बोलतेय. छान दिसते हसताना. ढम्या, माफ कर रे मला.

७ मार्च

शिंपीणबाई आल्या होत्या. आई खुशीत. माझं कौतुक चाललेलं. म्हणाली, एकुलता एक ना, एकटाच वाढला, म्हणून जरा घुमा आहे.

मी नाही म्हणालो. ओरडलो बहुतेक. दोघी बघत राहिल्या. आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

एकुलता नाही. लिहून ठेवतो. आत्ताच, लगेच — एका पांघरुणात झोपायचो — भांडायचो — त्याचे पाय गार असायचे — कोणाचे — माझे नव्हते, माझे नव्हते ते —

आई, आम्ही दोघं होतो. दोघं. मी आणि